यादीतली चौथी ओळ

१

माझ्याकडे फॉर्म भरायला येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकायच्या आधी एकच विचारतो, "याच्यात विंडोज काहून नाई वं, अंजूताई?" मी म्हणते, "तुमच्या ट्रॅक्टरात विमानाचं इंजिन काहून नाई?" मग तो आधार कार्ड काढतो. वैताग आहे नुसता.

दिग्रसपासून सहा किलोमीटरवर आमचा तांडा. घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन सेंटर आहे, म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि बारा वर्षांचा एक संगणक. मागच्या खोलीत माझी आई, रामीबाई. आम्ही राठोड, गोर बंजारा. आईला आम्ही याडी म्हणतो. घरात आम्ही दोघीच. माझं लग्न जमलं नाही, मग जमवायचंही राहून गेलं, आता बेचाळीस पूर्ण झाली. याडी सोडली तर या जगात मला रागावणारंसुद्धा कोणी नाही.

विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली म्हणजे लिनक्स. एका डिस्कवर मी तशी तीन बसवली आहेत. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर आधी यादी येते, एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखी. कुठं जायचं ते सांगा, दहा सेकंदांत नाही सांगितलं तर ती आपल्या मनानं पहिल्या गाडीत बसवून देते. यादीतली नावं मीच दिलेली. 'काम' हे फॉर्मांसाठी. 'याडी' हे आवाज रेकॉर्ड करायला. आणि तिसरं 'उपद्व्याप', ज्यात मी मोडतोड करून शिकते.

'याडी' बसवायचं कारण असं. नवरी सासरी निघते तेव्हा गळ्यात गळा घालून, रडत रडत एक गाणं म्हणतात, ढावलो. माझ्या आईसारखा ढावलो म्हणणारी बाई अख्ख्या तालुक्यात नव्हती. आता लग्नात डीजे वाजतो. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, दम फार दिवस पुरणार नाही. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिचा ढावलो मला हवा होता, तिच्या आवाजात, तिचा श्वास आहे तोवर.

मागच्या खोलीत माइक लावला. तिनं तीजेची गाणी म्हटली, होळीची म्हटली, बैलांच्या तांड्याची म्हटली. ढावलो काही म्हणेना.

"माइकच्या गळ्यात पडू का मी?"

"मग माह्या गळ्यात पड."

"तुले कुठं जायचं हाय?" असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला जे लागायचं ते लागलं.

२

जानेवारीतली गोष्ट. एका मंगळवारी सकाळी 'याडी'मध्ये आवाजाचा नवा प्रोग्राम टाकला आणि सवयीप्रमाणे यादी नव्यानं बनवायची कमांड दिली. ती कमांड डिस्क चाचपडते आणि जे जे सापडेल ते एकेका ओळीत सांगते. सापडलं, सापडलं, सापडलं. मी चहाचा कप उचलला आणि चौथ्यांदा आलं, सापडलं. 'अनोळखी लिनक्स, भाग सातवा.'

माझ्या डिस्कचे भाग सहा. मी स्वतः पाडलेत. मोजून पाहिले, सहाच होते. कमांड पुन्हा दिली, ओळ पुन्हा आली. फाइल उघडून हातानं ती ओळ खोडली, मशीन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर चार ओळी.

"अगं बाई," मी म्हटलं, "मलेच शिकवते का!" आणि चौथ्या ओळीवर जाऊन एंटर मारलं.

कुठलंही लिनक्स सुरू होताना आपलं नाव सांगतं, शे-दोनशे ओळी धावतात. इथं काही नाही. एकदम पडदाच उघडला. 'याडी'सारखाच हिरवा, तसाच एक फोल्डर. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र साडेतीन दाखवत होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते.

मला हसूच आलं. साडेपाच तासांचा फरक म्हणजे या धंद्यातलं पडसं. मदरबोर्डावर घड्याळ एकच असतं. एक लिनक्स ते लंडनचं समजतं, दुसरं आपलं समजतं, आणि दोघांत साडेपाच तासांची भांडणं लागतात. म्हणजे हे माझ्याच एखाद्या जुन्या उपद्व्यापाचं पिल्लू असणार. सातवा भाग वगैरे सगळं बारा वर्षांच्या डिस्कचं म्हातारपण.

फोल्डरमध्ये एक फाइल होती. आजची तारीख, वेळ दुपारी तीन बारा. कानाला हेडफोन लावून ऐकली. मागच्या खोलीतल्या पंख्याची कटकट. याडीचा खोकला. दूर कोंबड्या. मग काच फुटल्याचा आवाज आणि याडी, "अंजू, बरणी गेली वं! काच हाय, चप्पल घालून ये."

कधीतरी केलेलं रेकॉर्डिंग असेल म्हणून मी फाइल बंद केली. याडीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माणूस ती आवाजावरून ओळखते आणि महिन्याला काहीतरी फोडते. त्यात नवल ते काय?

३

जेवणं झाली. दुपारी मी एकाचा पीकविमा भरत होते. तो उठून गेला, मी पावत्या लावत बसले, तेवढ्यात मागून खळ्ळकन आवाज आला.

"अंजू, बरणी गेली वं! काच हाय, चप्पल घालून ये."

लिंबाच्या लोणच्याची बरणी. भिंतीवर तीन बारा. मी मागं गेले, झाडू घेतला आणि मग माझं लक्ष पायांकडे गेलं. माझ्या पायांत चप्पल आधीच होती. घरात मी कधीच चप्पल घालत नाही. कधी घातली ते मला आठवेना.

"एवढं काय पाहून राह्यली?" याडी म्हणाली. "बरणीच होती ना."

"काही नाई."

"श्वास काहून फुलला तुह्या? दम मले लागतो का तुले?"

मी काचा वेचल्या. मनाला समजावत होते. बरणी ती नेहमीच फोडते. 'चप्पल घालून ये' हे ती नेहमीच म्हणते. आणि वेळ? वेळेचं तर आधीच बिनसलेलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं माझ्याकडे, चपलेला सोडून.

४

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडायच्या आधीच मशीन लावलं. ठरवलं नव्हतं तरी हात सरळ चौथ्या ओळीवर गेला. भिंतीवर दहा वाजून दहा मिनिटं, पडद्यावर तीन चाळीस. फोल्डरमध्ये नवी फाइल. मी बघत असतानाच तिच्यावर वेळ उमटली, तीन एकेचाळीस.

हेडफोन लावले.

पंख्याची कटकट. मग कडी लागल्याचा आवाज, मागच्या खोलीच्या दाराची. मग बाज करकरली. मग याडीनं श्वास घेतला, लांब, पोटातून, माझ्या लहानपणी घ्यायची तसा. आणि ढावलो सुरू झाला.

देवाशप्पथ सांगते, मला भीती वाटली नाही. मला रडू आलं. आज म्हणणार! दुपारी म्हणणार, माझ्यासाठी म्हणणार. एवढा जिवंत आवाज त्या थकल्या छातीतून येतो कसा, याचंच कौतुक. मी तोंडावर ओढणी धरून ऐकत राहिले.

माइकच्या अगदी जवळ कोणीतरी हुंदका दिला. तो माझा होता. तासन्‌तास रेकॉर्डिंग कापून कापून मला माझा आवाज पाठ झालाय. साहजिक आहे, म्हटलं, गळ्यात पडल्यावर मी रडणारच.

मग लांबून दारावर धक्के. आणि दाराच्या पलीकडून हाक आली, "याडी! याडी, कडी काढ!"

ती हाक मारणारीही मीच होते.

मी फाइल थांबवली. पुन्हा लावली. एक माइकजवळ, याडीच्या गळ्यात. एक दाराबाहेर. दोन फाइली एकमेकींवर चढल्या असतील. हो, तसं होतं कधी कधी. पण तसं झालं की पंखाही दुप्पट ऐकू येतो. इथं पंखा एकच होता.

उठून मागं गेले. याडी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, दाणे एका ताटलीत, टरफलं पदरात. मी बाजेखाली पाहिलं. पेटीमागं पाहिलं. परसाकडच्या दाराची कडी ओढून पाहिली, घट्ट होती.

"काय हुडकून राह्यली वं?"

"पेचकस."

"पेचकस बाजेखाली असते का कुठं? येडी झाली का?"

विचार केला, अजून पाच तास आहेत. मधल्या दाराची कडीच काढून टाकायची, स्क्रूसकट. तीन वाजता याडीच्या शेजारी जाऊन बसायचं, तिचा हात धरून, आणि चार वाजेपर्यंत सोडायचा नाही. ढावलो म्हटलाच तर तो माझ्याच गळ्यात.

पुढच्या खोलीत येऊन खण उघडला आणि पेचकस हातात घेतला, तेवढ्यात दारात देवीलाल.

५

देवीलाल आमच्याच तांड्यातला, चार घरं सोडून. त्याच्या मुलीचा नर्सिंगचा फॉर्म, शेवटची तारीख आजची. माणूस बूटसुद्धा न काढता आत आला.

"ताई, आज नाई भरलं तं तिचं वर्ष जाते."

"कालपर्यंत काय झोपला होतास का?"

"कापूस वेचून राह्यलो होतो."

पेचकस टेबलावर ठेवला, 'काम' लावलं, सरकारी साइट उघडली. साइट म्हणाली, तुमच्या संगणकाचे घड्याळ चुकीचे आहे. पाहते तर 'काम'चं घड्याळही साडेपाच तास पुढं. नीट केलं, मशीन पुन्हा लावलं, पुन्हा पुढं. चौथ्या लिनक्सनं मदरबोर्डावरचं घड्याळच बिघडवून ठेवलं होतं. आता जाईन तिथं तेच.

माझं डोकं सणकलं. एक तर डोक्यात ती दुपार, त्यात हा देवीलाल दर मिनिटाला "झालं का?" विचारतोय. आणि घड्याळ चुकलेलं मशीन मला सहन होत नाही, पहिल्यापासूनच. अशी शंभर मशीनं मी सुधारली असतील. जिथं रोग तिथं औषध. चौथी ओळ लावायची, एक कमांड द्यायची, घड्याळ सगळ्यांचं एक करायचं.

आणि खरं सांगते, मनात आणखी एक हिशेब होता. ते साडेपाच तास पुढं आहे म्हणून त्याला सगळं आधी ऐकू येतं. त्याला आपल्या वेळेवर आणलं, तर पुढंच काही उरणार नाही. दुपार नुसती दुपारसारखी येईल. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

चौथी ओळ लावली. पडद्यावर चार एकोणीस. कमांड टाइप केली. देवीलाल मागून वाकून पाहत होता. मी एंटर मारलं.

कोपऱ्यातले आकडे पालटले. दहा एकोणपन्नास. भिंतीवरही दहा एकोणपन्नास.

"झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

मागच्या खोलीच्या दाराची कडी आतून लागली.

६

"घरी पाहुणे हायेत का, ताई?" देवीलालनं विचारलं.

मी धावले. दार ढकललं, हललं नाही. आत बाज करकरली. मग याडीनं तो श्वास घेतला.

मी दोन्ही मुठींनी दार ठोकायला लागले आणि तोंड उघडायच्या आत मला समजलं की मी काय ओरडणार आहे. मी दात आवळले. दुसरं काहीही ओरडायचं, शिवी द्यायची, देवीलालचं नाव घ्यायचं, पण ते शब्द नाहीत. जबडा दुखेपर्यंत आवळून धरला. आत ढावल्यात माझं नाव आलं, अंजू, माझी अंजू, आणि माझ्या तोंडून सुटलंच, "याडी! याडी, कडी काढ!"

"थांबा, मी पाह्यतो," म्हणून देवीलालनं खांदा लावला.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. मी तिला डोळा लावला. खिडकीतून ऊन येत होतं, खोली लख्ख होती. याडी बाजेवर बसलेली, तोंड माझ्याकडे, डोळे मिटलेले. तिचे दोन्ही हात कोणाच्या तरी पाठीवर. पाठ माझी होती. अंगात माझाच निळा कुर्ता, खांद्यावर मी शिवलेली पांढऱ्या दोऱ्याची टीप. डोकं याडीच्या मानेत खुपसलेलं. याडी त्या केसांवरून हात फिरवत होती, शेंगांनी हिरवट झालेली बोटं. इतक्या मायेनं तिनं माझ्या केसांवरून हात फिरवलेला मला आठवत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि भीतीपेक्षा आधी मत्सर वाटला. हे कोणाला सांगून पटणार नाही.

ढावलो संपला. कशी संपवली तिनं शेवटची ओळ, काय सांगू. आत पावलं वाजली. परसाकडच्या दाराची कडी निघाली, दार उघडलं आणि हलकेच लागलं, घरचं माणूस लावतं तसं.

देवीलालच्या तिसऱ्या धक्क्याला आमची कडी तुटली.

याडी एकटी होती. पदरानं डोळे पुसत होती. धाप नाही, खोकला नाही, गालांवर रंग आलेला. देवीलाल परसात धावत गेला आणि कपाशीच्या कडेपर्यंत पाहून परत आला. "कोणीच नाई," म्हणाला.

मी खाली बसून याडीच्या गुडघ्याला मिठी मारली. "याडी. याडी, तुले काही झालं नाई ना?"

तिनं हातानं माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. परक्या बाईच्या लेकराला हात लावावा तसा जपून.

"कोण वं, बाई?"

"मी अंजू."

"अंजूले तं आत्ताच सासरी लावून देलं," ती म्हणाली. "लय रडली लेकरू. तू कोणाची वं?" मग देवीलालच्या पावलांकडे मान वळवून म्हणाली, "देवीलाल, हिले पाणी दे रे. घाबरून गेली पोरगी."

७

देवीलालच्या मुलीचा फॉर्म मी त्याच दिवशी भरला. साइटनं काही कुरकुर केली नाही.

चौथी ओळ गेली. मी कमांड किती वेळा दिली ते विचारू नका. सापडलं, सापडलं, सापडलं, तीनच. सात नंबरचा भाग शोधायला डिस्क काढून यवतमाळला एका जाणत्या माणसाकडे नेली. तो म्हणाला, सहाच आहेत, ताई, आणि सहाही चांगले आहेत.

डॉक्टर चकित झाले. याडीची छाती सुधारली, म्हणाले, औषध लागू पडलं. ती आता अंगणात फिरते, तांड्यातल्या सगळ्यांना आवाजावरून ओळखते, नातवंडं-पतवंडं कोणाची कोण ते सांगते. तांड्यातल्या बायका तिला रोज समजावतात, हीच तुझी अंजू. ती हसते. "माह्या लेकीले मी ओळखत नाई का?" म्हणते. माझ्याशी फार चांगलं वागते. जेवली का विचारते. रागावत मात्र नाही. मी मुद्दाम दूध उतू घालवलं, दार धाडकन आपटलं, एकदा तर तिच्या तोंडावर तिला म्हातारे म्हटलं. "असू दे, बाई," म्हणाली.

काल संध्याकाळी तिनं मला जवळ बसवलं. फाल्गुन लागलाय, तांड्यात लेंगीची, होळीच्या गाण्यांची, तालीम सुरू झाली आहे, डफ ऐकू येत होता. तिनं माझा हात हातात घेतला आणि अवघड बोलताना माणूस घुटमळतं तशी घुटमळली.

"एक सांगू का? राग नको मानू."

"सांग ना, याडी."

"होळीले माही अंजू येऊन राह्यली. पहिला सण हाय तिचा. पुढची खोली तिले लागन." तिनं माझ्या हातावर थोपटलं. "तू लय केलं माह्यासाठी. पण आता तुले दुसरीकडे जागा पाहा लागन, बाई."

होळीला अकरा दिवस आहेत. मी दिग्रसमध्ये एक खोली पाहून आले.